पहिल्या नंबरची भाकरी

केनवड, २ ऑगस्ट १९४१

काल संध्याकाळी मुक्कामी आलो. हुद्दा शेतकी असिस्टंट, टेंपररी. टेंपररी हा शब्द मार्चपर्यंत खोडला जाईल. ही वही माझी मलाच, त्यामुळे खरं तेच लिहीन.

काम असं: गावातल्या चार घरांची ज्वारी चार तऱ्हेची आहे. त्यातली खायला सर्वांत चांगली कोणती ते ठरवायचं. जी ठरेल तिचं बियाणं डिपार्टमेंट आसपासच्या गावांना पेरायला देणार, आणि बियाण्याला त्या घराचं नाव लागणार. साहेब म्हणाले, पिकते किती ते आम्ही तराजूवर बघतो, लोकांना गोड कोणती लागते ते तुम्ही बघा. आता जीभ तराजूत कशी घालणार? इथे माझ्यासारखाच माणूस लागतो.

जेवणाची सोय मनकर्णाबाईंकडे, आणखी दोघे-तिघे पैसे देऊन तिथेच जेवतात. विधवा आहेत, शेत स्वतः करतात, आवाज मोठा. पाच भाकऱ्या खाल्ल्या. प्रवासाचा शीण.

संकल्प: पहाटे उठणे. दोन भाकऱ्यांवर थांबणे.

५ ऑगस्ट

घोटाळा. मनकर्णाबाई त्या चार घरांपैकीच एक निघाल्या. बाकीचे तिघे रामराव पाटील, मदनसिंग आणि जगदेव. म्हणजे मी एका उमेदवाराच्या घरी जेवतो आहे! दुसरी सोय शोधली. पाटलांकडे माणसं फार, मदनसिंगांकडे तिखट फार. शेवटी तत्त्व ठरवलं: बाईंच्या भाकरीबद्दल मत बनवायचं नाही. जेवायचं, पण मत नाही. निःपक्षपात म्हणतात तो हाच.

मत न बनवता सहा खाल्ल्या.

११ ऑगस्ट

बाईंच्या चुलीवर, आढ्याला बांधलेल्या बांबूवर कणसं टांगलेली आहेत. धुरानं काळी झालीत. विचारलं. म्हणाल्या, आमचे मालक दरसाली साऱ्या वावरात फिरून एकेक कणीस निवडत. ते गेले, तवापासून मी निवडून राह्यली. मालकांचं नाव जानराव. मग म्हणाल्या, "सरकारनं हे बी घेतलं तं त्यायचं नाव राह्यल, बाबू. लेकरू तं नाई आमाले."

मला भरून आलं. पण निःपक्षपाती माणसानं भरून येऊन चालत नाही. ताक मागितलं.

पहाटे उठणे जमले नाही. कोंबडा बेभरवशाचा आहे.

२२ ऑगस्ट, पोळा

कामाला सुट्टी. तोरणाखाली बैलांची रांग पाहिली. सर्वांत पुढे रामराव पाटलांची जोडी, मग मदनसिंगांची, मग जगदेवची, आणि अगदी शेवटी मनकर्णाबाईंची, कारण घरात पुरुष नाही. पाटलांचा डावा बैल म्हातारा, एका डोळ्यानं अधू. बाईंची जोडी इतकी देखणी की ती शेवटी पाहून लोक चुकचुकत होते. तरी रांग ती रांग. एकानं विनोदानं सुचवलं की बाईंची जोडी जरा पुढे घ्या, तर सगळी गर्दी त्याच्याकडे अशी पाहायला लागली की तो घरीच गेला.

गमतीची चाल आहे. माझ्या कामाशी संबंध नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

१४ सप्टेंबर

योजना पक्की. गावचे सात पंच जज्ज. प्रत्येकाला चारही ज्वारीच्या भाकऱ्या द्यायच्या. त्यानं पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे नंबर द्यायचे. मग प्रत्येक ज्वारीच्या नंबरांची सरासरी. जिची सरासरी कमी ती जिंकली. पंधरा मिनिटांचं काम. उरलेल्या वेळात इंग्रजी सुधारणे.

विजार कमरेत आवळायला लागली. धोबी कापड आटवतो. समज दिली.

२२ ऑक्टोबर

दिवाळीला प्रेमसिंग येऊन गेला. कॉलेजात माझा जोडीदार, आता नागपुरात आकडेशास्त्र शिकवतो. गावी मानोऱ्याकडे जाताना मुद्दाम उतरला. त्याला माझी योजना दाखवली. कौतुक करील असं वाटलं होतं. हसला.

म्हणाला, नंबर म्हणजे वजन नव्हे. पहिली भाकरी दुसरीपेक्षा केसभर बरी असेल, आणि दुसरी तिसरीपेक्षा कोसभर. नंबर मात्र एक, दोन, तीनच. नुसती सरासरी काढून फरक खरा की योगायोगाचा, हे तुला कसं कळणार?

मी म्हणालो, कॉलेजात शिकवलेली ती मोठी टेस्ट लावीन. तो म्हणाला, ती मापांसाठी असते, आणि मापं घंटेच्या आकारात पसरलेली लागतात. केनवडच्या जिभा घंटेच्या आकारात पसरल्या आहेत का? मी म्हणालो, आहेत. त्यानं दुसरी भाकरी मागून घेतली.

जाताना त्यानं एका अमेरिकन मासिकातल्या लेखाची नक्कल दिली. चारच वर्षांपूर्वीचा लेख, खास रँकसाठी. प्रत्येक जज्जानं सगळ्या सँपलांना नंबर द्यायचे, सँपलवार नंबरांची बेरीज करायची, बेरजा फॉर्म्युल्यात घालायच्या. आकडा मोठा आला तर फरक खरा. आकडा बारीक आला तर जो तो आपापलं चाटतो आहे, एवढाच अर्थ.

त्यानं दोन प्रश्न विचारले होते. एक, चारही भाकऱ्या तेच जज्ज खाणार की प्रत्येक भाकरीला वेगळे? म्हणालो, तेच. म्हणाला, मग हीच टेस्ट, वेगळे असते तर दुसरी शोधावी लागली असती. दोन, ते वेगवेगळे बसून नंबर देणार ना, एकमेकांना न विचारता? हा प्रश्न मला पोरकट वाटला. खेड्यात एकटा कोण जेवतो?

वऱ्हाडात ही टेस्ट लावणारा पहिला माणूस मीच असणार. पहिलाच.

९ नोव्हेंबर

लेख वाचतो आहे. पहिलं पान समजलं. फॉर्म्युला पाठ केला. मधला भाग सिद्धतेचा आहे, तो अमेरिकनांसाठी.

बाईंनी विचारलं, काय वाचून राह्यले बाबू एवढं? म्हणालो, तुमच्या ज्वारीचं भवितव्य. म्हणाल्या, "ते तं तोंडात टाकलं की समजते." मी हसलो. सामान्य माणसाला शास्त्राची गरज का असते, हे सामान्य माणसालाच कळत नाही.

भाकऱ्या पाच. थंडी सुरू झाली, थंडीत लागतातच.

२८ डिसेंबर

नवी ज्वारी खळ्यावर आली. चारही घरांतून सँपल आणलं. मनकर्णाबाईंनी स्वतः पाखडून, निवडून दिलं. मदनसिंग आणि जगदेव यांनीही नवीन दिलं. पाटलांनी गड्याला सांगून पेवातलं काढून दिलं. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं तळघर. गडी म्हणाला, नवी विकाले ठेवली, बाबूले खायाले हे चालते. पाटलांच्या शब्दावर शंका कशी घेणार? सँपल ते सँपल.

कोणाचं कोणतं हे कळू नये म्हणून थैल्यांवर अक्षरं टाकली, तीही मुद्दाम उलटीपालटी. पाटील ग. मदनसिंग घ. जगदेव क. मनकर्णाबाई ख. हे माझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही.

भाकऱ्या एकाच हातच्या हव्यात म्हणून शेजारच्या रंगूबाईंना करायला सांगितलं. अक्षरांची उकल त्यांना सांगितली नाही, फक्त थैल्या त्यांच्यासमोर भरल्या. मारोतीची शपथ घातली की कोणाला बोलायचं नाही. त्यांनी घेतली. म्हणाल्या, म्या कायले कोनाले सांगू? कोनी विचारलंच तं गोष्ट येगळी.

१८ जानेवारी १९४२, दुपार

झाली! चावडीवर आज जिभांचा पंचनामा झाला.

सात पंच आले. आठवा जज्ज आयत्या वेळी मिळाला: मानोऱ्याकडच्या तांड्याचे नायक उदयसिंग, कापसाच्या गाड्या घेऊन रिसोडला चालले होते, पाणी प्यायला थांबले. आठ आकडा भागायला सोपा, म्हणून बसवून घेतलं.

मी सर्वांना टेस्ट समजावून सांगितली. कोणी मध्ये बोललं नाही, यावरून समजली असावी. मग भाकऱ्या फिरल्या. पंचांनी तुकडा तुकडा खाल्ला. ग खाताना दोघांनी पाणी मागितलं, उन्हं होती. मग पंच निंबाखाली गेले, विड्या ओढल्या, बराच वेळ बोलले. उदयसिंग नायक एकटेच ओट्यावर बसून खात होते. त्यांनी एकेक भाकरी दोनदा मागितली.

मग नंबर घेतले. आणि काय सांगू! पहिल्या पंचानं सांगितलं ग, घ, क, ख. दुसऱ्यानं ग, घ, क, ख. तिसऱ्यानं तेच. सातही जणांनी तेच! एकही नंबर इकडचा तिकडे नाही! माझ्या अंगावर काटा आला. अमेरिकन लेखातसुद्धा इतकं एकमत नव्हतं.

मग उदयसिंग. ख पहिला, क दुसरा, घ तिसरा, ग चौथा. बरोबर उलटं! विचारलं, नायक, नक्की? म्हणाले, "ग ढोरायले घाला, बाबू. ख कोनाची हाय ते सांगा, मी घरी जाऊन पाया पडतो."

१८ जानेवारी, संध्याकाळ

हिशेब केला. सात पंच धरून आकडा येतो एकवीस. सात जज्ज आणि चार सँपल असताना याहून मोठा आकडा येऊच शकत नाही. शंभर नंबरी. उदयसिंग धरले तर साडेतेरा. साडेतेरा सुद्धा लेखाप्रमाणे पुष्कळ आहे. पण एकवीस पाहिल्यावर साडेतेरावर समाधान कसं मानायचं?

विचार केला. नायक परगावचे. घाईत होते. तांड्यावरची जीभ वेगळी. शिवाय त्यांना बसवलं होतं ते केवळ भागाकाराच्या सोयीसाठी. वगळले.

मग अक्षरं उलगडली. पहिले रामराव पाटील, दुसरे मदनसिंग, तिसरे जगदेव, शेवटी मनकर्णाबाई. हा क्रम कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. आठवत नाही. सत्याचं असंच असतं, पाहिल्याबरोबर ओळखीचं वाटतं.

२० जानेवारी

बाईंना सांगणं भाग होतं. जेवताना सांगितलं. त्या परातीत भाकरी थापत होत्या, हात थांबला. "आखरीचा नंबर?" मी समजावलं, यात माझा हात नाही, एकवीस आकडा आला आहे, एकवीसच्या पुढे माणसाचं काही चालत नाही.

म्हणाल्या, "तुमी तं रोज खाता. तुमाले कशी लागते?"

मी सांगितलं की माझी जीभ शास्त्राला चालत नाही. मी मतच बनवलेलं नाही. त्या उठून आत गेल्या. तव्यावरची भाकरी करपली, ती मी उतरवली. वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. चार खाल्ल्या, करपलेली धरून.

रिपोर्ट टपालात टाकला. इंग्रजी उत्तम साधलं आहे.

२६ जानेवारी

चुलीवरचा बांबू रिकामा आहे. बाईंनी घर साफ केलेलं दिसतं. सणावाराशिवाय साफसफाई म्हणजे राग निवळला. चांगलं लक्षण.

उदयसिंग नायक रिसोडहून परतताना बाईंकडे येऊन गेले म्हणे. कशाला ते विचारलं नाही. वगळलेल्या जज्जाशी संबंध ठेवू नये.

विजारीची शिवण उसवली. धोब्याला पुन्हा समज.

८ फेब्रुवारी

आज साहेब आले. जसं घडलं तसं लिहितो. वहीशी खोटं बोलणार नाही असं ठरवलं होतं, ते आज जड जात आहे.

चावडीवर सगळं गाव. साहेबांपुढे ग ची भाकरी ठेवली. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला, मग बराच वेळ चावतच राहिले. पाणी मागितलं. म्हणाले, हिला पेवाचा वास येतो. पहिला नंबर हिला कोणी दिला?

सातही पंचांनी हात वर केले. साहेबांनी विचारलं, का दिला? पंच एकमेकांकडे पाहायला लागले, अशी सोपी गोष्ट साहेबाला कशी समजत नाही म्हणून. मग सर्वांत म्हातारे होते ते बोलले, "साहेब, पोळ्यात पाटलाचीच जोडी पुढं राह्यते. भाकरीत मांगं कशी ठेवाव? आमी समद्यायनं बसून ठरवलं. पंचायचं तोंड एकच राह्यते."

तोरण डोळ्यांपुढे आलं. अधू डोळ्याचा बैल आला. क्रम आठवला.

साहेबांनी विचारलं, त्यांना भाकऱ्या कोणाच्या ते कळलं कसं? रंगूबाई गर्दीतून म्हणाल्या, म्या सोताहून कोनालेच नाई सांगितलं, त्यायनं विचारलं. साहेबांनी मला विचारलं, आठवा जज्ज होता असं ऐकतो, त्यानं काय सांगितलं? सांगितलं. मग विचारलं, तुम्ही स्वतः सहा महिने जेवता कोणाकडे? तेही सांगितलं. साहेबांनी माझ्या विजारीकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही.

ख आणा म्हणाले. निरोप गेला. मनकर्णाबाई स्वतः आल्या, पदर डोक्यावर, चावडीच्या पायरीशी उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचाच, शेवटच्या घरापर्यंत जाईल असा. "ख खायाले हाय साहेब. पन निवडलेलं बी नाई राह्यलं. नायकाले देऊन टाकलं. त्यानं मांगितलं, अन् मालकाचं नाव ठेवीन म्हनला. तुमच्या बाबूनं आखरीचा नंबर देल्ला होता, मंग म्या घरात ठेवून काय करू?"

पाटील उठले. पागोटं सरळ केलं आणि म्हणाले, "आमची पेवातली होती, हे खरं हाय. मले वाटलं बाबूले काय समजते." सगळं गाव हसलं. मीही हसलो, एकटा पडू नये म्हणून.

१५ फेब्रुवारी

साहेबांच्या हुकमानं तांड्यावर जाऊन आलो. बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली. उदयसिंग नायकांनी खाट टाकली, पाणी दिलं. कणसं त्यांच्या झोपडीत आढ्याला टांगलेली, तशीच काळी. मी हात लावायला गेलो तर त्यांच्या घरच्या कमलीबाई म्हणाल्या, हे जानराव हाय, हात धुऊन घे. तांड्यावर सगळे त्या ज्वारीला जानरावच म्हणतात. लेकरं सुद्धा. अजून पेरणी व्हायची आहे आणि नाव झालं आहे.

नायकांनी निम्मं बियाणं डिपार्टमेंटला दिलं. म्हणालो, तुमचा नंबर मी वगळला होता, नायक. म्हणाले, "मी बी तुमची गोष्ट वगळून देल्ली." मग दोघांनी चहा घेतला.

२४ फेब्रुवारी

साहेबांचं पत्र आलं: बियाण्याचं नाव जानराव, मंजूर. धावत जाऊन बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग पदरानं डोळे पुसले आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मला इतका आनंद झाला की परमनंट झाल्यावरही होणार नाही. शेवटी नाव तर माझ्याच टेस्टमुळे पुढे आलं. उलट्या बाजूने का होईना.

प्रेमसिंगचंही पत्र. टेस्ट बरोबर निवडली होतीस म्हणतो. एवढंच वाक्य घ्यायचं, पुढची दोन पानं चेष्टेची आहेत.

राग गेला, खडा मिळाला. उद्यापासून दोन भाकऱ्यांचा संकल्प नव्याने.

२ मार्च

परमनंटचा हुकूम आला नाही. टेंपररी पुढे चालू, तेही सुधारणा दिसल्यास.

बाई मनात काही ठेवत नाहीत. हसून बोलतात, ताक देतात, पाणी देतात. फक्त पत्र आलं त्या दिवसापासून भाकरीचा रंग वेगळा आहे. आज विचारलंच. म्हणाल्या, पाटलाच्या घरून थैलीभर मांगून आनली, खास तुमच्यासाठी. मी म्हणालो, बाई, आपली घरची, खळ्यावरची वाढा ना, ती ख. म्हणाल्या, "ख तं चौथ्या नंबरची हाय नं बाबू. सरकारच्या माणसाले चौथ्या नंबरची भाकर देऊ कायले? लोक काय म्हनतीन मले?"

बाकीचे जेवणारे ख खात होते. मी ग खाल्ली. पेवाचा वास येतो. मत बनलं.

भाकरी एक. तीही उरली.

विजार सैल झाली आहे. धोब्याचा काही दोष नव्हता.